दोन खोगिरांचा स्वार

पोर्तुगाल म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो. १४९८ साली कालिकतला आलेला वास्को द गामा, १५१० साली गोवा जिंकणारा आल्बुकर्क, वसईचा किल्ला, या साऱ्या आठवणी गलबतांच्या आहेत. परंतु गामाने आफ्रिकेला वळसा घालण्याच्या कितीतरी आधी या दर्यावर्दी राष्ट्राच्या गादीवर असा एक राजा होऊन गेला, की ज्याची लेखणी घोडेस्वारीच्या विद्येत रमली. त्याचे नाव दुआर्ते. १३९१ साली जन्मलेला हा राजपुत्र १४३३ मध्ये राजा झाला आणि अवघ्या पाच वर्षांनी वारला. इतिहासात ज्याला ‘नाविक हेन्री’ म्हणतात तो याचाच धाकटा भाऊ. भावाची कीर्ती समुद्राबरोबर सर्वत्र पसरली. दुआर्तेच्या वाट्याला आला एक अपुरा ग्रंथ. त्या ग्रंथाच्या लांबलचक नावाचा अर्थ असा : ‘प्रत्येक खोगिरावर उत्तम स्वारी करण्याच्या विद्येचे पुस्तक’.

या नावातील ‘प्रत्येक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. त्याचे मर्म कळण्यासाठी त्या काळच्या इबेरियन द्वीपकल्पाची परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते. तेथे स्वारीच्या दोन रीती एकमेकींसमोर उभ्या होत्या. एक युरोपातील चिलखती सरदारांची. तिला ‘ब्रिदा’ म्हणत. खोगिराला पुढे आणि मागे उंच कडा, रिकिबी लांब सोडलेल्या, पाय सरळ आणि किंचित पुढे रोवलेले, भाला काखेत घट्ट दाबलेला. समोरासमोरच्या टकरीत स्वाराला मागे रेटणारा धक्का ती मागची कड झेलीत असे. दुसरी रीत ‘जिनेता’. उत्तर आफ्रिकेतील झेनाता या बर्बर जमातीच्या नावावरून तिला हे नाव पडले. या जमातीचे स्वार ग्रानादाच्या मुसलमान राजांच्या चाकरीत होते. त्यांचे खोगीर हलके, रिकिबी आखूड, गुडघे दुमडलेले. क्षणात घोडा वळवावा, भाला फेकावा, निसटून जावे आणि पुन्हा येऊन भिडावे, अशी ही चपळ लढाई. गनिमी काव्याची परंपरा ज्याला ठाऊक आहे, त्याला अशा स्वारीचे सामर्थ्य निराळे सांगावयास नको.

या दुसऱ्या रीतीने ख्रिस्ती सरदारांना अनेकदा हैराण केले, आणि मग त्यांनी तीच उचलली. शत्रूची तलवार हिसकावून घेणे सोपे. शत्रूची बैठक आपल्या अंगी बाणविणे अवघड. कारण बैठक ही वस्तू नाही, ती शरीराची सवय आहे. घोड्यावरील बैठकीला मराठीत ‘मांड’ असा नेमका शब्द आहे. ज्याची मांड एका रीतीत पक्की झाली, त्याला दुसऱ्या रीतीत बसविले म्हणजे तो पुन्हा नवशिका होतो. लांब रिकिबीत ज्याने पाय ताठ रोवले, त्याने आखूड रिकिबीत तसेच केले तर तो खोगिरातून वर फेकला जातो. आखूड रिकिबीत ज्याचे गुडघे दुमडलेले राहतात, त्याने लांब रिकिबीत पाय वर ओढला तर रिकीब पायातून सुटते. काल ज्याची वाहवा झाली, तोच आज घोड्याची आयाळ धरताना दिसतो. शिकणाऱ्याची खरी अडचण शरीरात असते त्याहून अधिक त्याच्या अभिमानात असते.

दुआर्तेने हा प्रश्न फार समंजसपणे हाताळला आहे. चांगल्या स्वाराला तीन गोष्टी हव्यात, असे तो मानतो : इच्छा, सामर्थ्य आणि ज्ञान. यांपैकी ज्ञानाचा विचार करताना तो बसण्याच्या पाच रीती मांडतो. कोठे स्वार पाय सरळ ठेवून रिकिबीत जवळजवळ उभाच असतो. कोठे रिकिबीवर फारसा भार न टाकता तो खोगिरात बसतो. कोठे जिनेता पद्धतीने पाय आखडून घेतो. आणि शेवटी रिकिबीवाचून, प्रसंगी खोगिरावाचूनही, केवळ घोड्याच्या पाठीवर बसतो. या रीतींत श्रेष्ठ कोणती, असा वाद तो माजवीत नाही. खोगीर जसे असेल तशी बैठक स्वाराला जमली पाहिजे, हे त्याचे सूत्र. घोडा काहीही करो, स्वाराने शरीराचा तोल राखून ताठ बसावे, हे मूळ. पायांची पकड, रिकिबी, हात ही सारी त्या तोलाची साहाय्यके.

त्याच्या सूत्राचा खरा लाभ येथे कळतो. उंच कडांच्या खोगिरात वर्षानुवर्षे बसलेल्या सरदाराला आपण घट्ट बसतो असे वाटत असते. पण त्यातील किती घट्टपणा त्याचा स्वतःचा आणि किती त्या लाकडी कडेचा, हे त्याला कधीच समजत नाही. ते समजते दुसऱ्या खोगिरावर बसल्या दिवशी. जे दुसऱ्या खोगिरावरही त्याच्याबरोबर येते, तेवढेच त्याचे. बाकीचे पहिल्या खोगिराचे. म्हणून दुसरी रीत शिकणारा पहिली विसरत नाही. उलट, ती प्रथमच नीट ओळखतो.

भीतीविषयी दुआर्तेने जे लिहिले आहे ते तर कोणत्याही शिकणाऱ्याने वाचावे असे आहे. माणूस निर्भय कसा होतो, याची तो अनेक कारणे सांगतो. कोणी जन्मतःच निर्भय असतो; कोणी धोका कळतच नाही म्हणून; कोणी अनुभवाने, कोणी विवेकाने, कोणी रागाच्या भरात, तर कोणी मोठ्या भीतीपुढे लहान भीती विसरून. मुलांना स्वारी शिकविताना खोडी नसलेला घोडा द्यावा, जमले त्याचे कौतुक करावे, चूक हळुवारपणे सांगावी, असा त्याचा उपदेश आहे. ही माया त्याला कोठून सुचली असेल? ‘निष्ठावान सल्लागार’ या आपल्या दुसऱ्या ग्रंथात त्याने स्वतःच्या तारुण्यातील दीर्घ उदासीनतेची हकीकत लिहून ठेवली आहे. वडिलांनी सेउताच्या मोहिमेची सिद्धता चालविली असता राज्यकारभाराचा भार या कोवळ्या राजपुत्रावर पडला आणि तीन वर्षांहून अधिक काळ त्याचे मन काळवंडून गेले. मनाचा तोल जाणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले होते, त्यानेच शरीराचा तोल राखण्याचे शास्त्र लिहिले.

परंतु इतिहास ग्रंथकाराची परीक्षा ग्रंथाबाहेर घेतो. १४३७ साली दुआर्तेच्या संमतीने पोर्तुगीज सैन्य आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तँजियर जिंकावयास गेले. नेतृत्व हेन्रीकडे होते. वेढा घालणारेच वेढ्यात सापडले. सुटकेच्या मोबदल्यात १४१५ साली जिंकलेले सेउता परत देण्याचे वचन द्यावे लागले, आणि ओलीस म्हणून धाकटा भाऊ फर्नांदो शत्रूच्या हाती ठेवावा लागला. शहर द्यावे की भावाला सोडावे, या पेचातून राज्याला वाट सापडेना. १४३८ च्या सप्टेंबरात दुआर्ते वारला. शहर दिले गेले नाही. फर्नांदो १४४३ मध्ये फेज येथे कैदेतच मरण पावला. शत्रूची बैठक शिकण्यास सांगणाऱ्या राजाला शत्रूच्या भूमीचा अंदाज आला नाही, हे कटू सत्य आहे. स्वारीचे ज्ञान म्हणजे राज्याचे ज्ञान नव्हे.

दुआर्तेचा ग्रंथ अपुराच राहिला. त्याचे हस्तलिखित पुढे पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेले आणि छापून निघाले ते थेट एकोणिसाव्या शतकात. नेपल्सच्या ग्रिसोने याचा अश्वविद्येवरील ग्रंथ १५५० साली छापला गेला व युरोपभर गाजला. त्याच्याही शंभर वर्षे आधी लिहिलेले हे पुस्तक मात्र कपाटात पडून होते.

तरीही त्यातला विचार पुस्तकावाचूनच जगला. १४९२ साली ग्रानादा पडले, पण ग्रानादाच्या स्वारांची रीत विजेत्यांच्या अंगी भिनली होती. स्पॅनिश शिपाई तीच घेऊन अटलांटिकपलीकडे गेले. पेरू जिंकला गेला तो जिनेता पद्धतीच्या स्वारीने, असे इंका राजकन्येच्या पोटी जन्मलेल्या गार्सिलासो या इतिहासकाराने नमूद केले आहे. ज्याला दोन्ही रीती अवगत असत, त्याला स्पेनमध्ये ‘दोन्ही खोगिरांचा माणूस’ म्हणत. पुढे अनेक विद्यांत पारंगत असलेल्या कोणालाही हे विशेषण लागू लागले. आणि ‘जिनेते’ हा परक्या जमातीवरून आलेला शब्द स्पॅनिश भाषेत आजही केवळ ‘घोडेस्वार’ या अर्थाने नांदतो आहे. जी रीत एके काळी शत्रूची होती, तिचेच नाव शेवटी साऱ्या स्वारांना मिळाले. सरदारांचा अभिमान दुसऱ्या खोगिरावर बसताना अडखळला असेल. त्यांच्या भाषेने मात्र त्यावर केव्हाच पक्की मांड ठोकली.