उंचीप्रमाणे रांग

रेशनपासून रॉकेलपर्यंत रांगेत उभं राहण्यात आमच्या पिढीचं निम्मं आयुष्य गेलं. पण रांग लावण्याचंही एक शास्त्र असतं, हे आम्हांला कुणी कधी सांगितलं नाही. शाळेत कवायतीचे मास्तर होते, त्यांची आपली एक पद्धत होती. रांगेच्या टोकाला उभं राहायचं, शिट्टी फुंकायची आणि पहिल्या दोघांकडे बघायचं. अलीकडचा पोरगा पलीकडच्यापेक्षा उंच असला की दोघांचे दंड धरून अदलाबदल. मग पुढची जोडी. टोक आलं की पुन्हा पहिल्यापासून! एका फेरीत एक लंबू काय तो जागेवर पोचायचा. प्रमुख पाहुणे खुर्चीवर बसून घाम पुसू लागले तरी आमची रांग आपली लागतेच आहे.

या पद्धतीला संगणकवाले 'बबल सॉर्ट' म्हणतात. पाण्यातला बुडबुडा वर येतो तसा लंबू सरकत सरकत टोकाला जातो, म्हणून बबल. नाव गोंडस, कर्तृत्व बेताचं. चाळीस पोरांत ७८० तुलना होतात. मास्तरांचा दम टिकला तो त्यामुळे. हजार पोरं असती तर आकडा पाच लाखांच्या घरात जातो. पोरं दहापट, की काम शंभरपट.

यापेक्षा शहाणी युक्ती १९४५ साली जॉन फॉन नॉयमन यांनी लिहून ठेवली. ज्या एडव्हॅक नावाच्या यंत्रासाठी लिहिली, ते यंत्र अजून तयार व्हायचं होतं. बाजारात तुरी म्हणतात त्यातलाच प्रकार. फक्त इथे तुरी पुढे खरोखरच बाजारात आल्या. युक्ती अशी : दोन रांगा आधीच नीट लागलेल्या असतील, तर दोघींच्या तोंडाशी उभ्या असलेल्या दोन पोरांकडेच बघायचं. बुटका असेल तो आधी सुटेल. मग पुन्हा तोंडाशी कोण आहे ते बघा. एकेकट्यांच्या जोड्या, जोड्यांच्या चौकड्या, असं करत हजार पोरं दहा फेऱ्यांत मार्गी लागतात आणि तुलना दहा हजारांच्या आत. हा 'मर्ज सॉर्ट'. रांग कितीही वेडीवाकडी द्या, हा गृहस्थ डगमगत नाही. खोड एकच. पोरं सुटून उभी राहायला त्याला शेजारी दुसरं मैदान लागतं, आणि त्या काळी संगणकातली जागा म्हणजे गिरगावातल्या खोलीपेक्षा दुर्मीळ.

दुसरं मैदान न मागणारी युक्ती सुचली ती मॉस्कोत, एका इंग्रज विद्यार्थ्याला. टोनी होअर हे ऑक्सफर्डला ग्रीक-लॅटिन शिकलेले, आणि रशियन शिकले आरमारात. १९५९-६० च्या सुमारास मॉस्को विद्यापीठात ते यंत्राकडून भाषांतर कसं करवून घ्यावं, या विचारात होते. शब्दकोश होता चुंबकीय फितीवर. फीत म्हणजे काही पुस्तक नव्हे, मधलंच पान उघडायला! प्रत्येक शब्दासाठी ती गुंडाळत बसण्यापेक्षा वाक्यातले शब्दच आधी अकारविल्हे लावले, तर एका फेरीत सगळे सापडतील. होअरना पहिल्यांदा सुचली ती आमच्या मास्तरांचीच पद्धत. फार वेळखाऊ म्हणून त्यांनी ती टाकून दिली. (मास्तरांना हे कळलं नाही, ते बरं.) मग सुचलं : एक पोरगा निवडा. त्याच्याहून बुटके सगळे डावीकडे, उंच सगळे उजवीकडे. झालं! त्या पोराची जागा कायमची ठरली. आता हाच न्याय डाव्या घोळक्याला आणि उजव्या घोळक्याला.

लंडनला परतून ते एलियट ब्रदर्समध्ये नोकरीला लागले. तिथे त्यांना डोनाल्ड शेल यांची १९५९ ची पद्धत यंत्रावर बसवायला सांगितलं. ती बसवली आणि साहेबांना म्हणाले, माझ्याकडे याहून वेगवान आहे. साहेबांनी सहा पेन्सांची पैज मारली, हरले, आणि पैसे दिले. पैज हरून पैसे देणारा साहेब हीही इतिहासात नोंदण्यासारखीच गोष्ट. १९६१ साली 'क्विकसॉर्ट' छापून आला.

क्विकसॉर्टला हजार पोरांत सरासरी अकरा हजार तुलना लागतात. मर्जपेक्षा थोड्या जास्तच. पण पळापळ कमी, म्हणून घड्याळात तो बहुधा पुढे. मेख आहे ती 'सरासरी' या शब्दात. सरासरीने गाडी वेळेवरच येते. आपला इंटरव्ह्यू असतो त्या दिवशी येत नाही. दर वेळी पहिलाच पोरगा निवडायचा ठरवलात आणि रांग आधीच सरळ असली, तर डावीकडे कुणीच नाही, उजवीकडे सगळा गाव. पुन्हा पाच लाख! निवड चिठ्ठ्या टाकून करावी, हा त्यावरचा एक उतारा. १९९७ साली डेव्हिड मसर यांनी दुसरा काढला : सुरुवात क्विकसॉर्टने करा, लक्षण ठीक दिसेना की 'हीपसॉर्ट'च्या हवाली करा. हा १९६४ चा, जरा संथ, पण डोकं न फिरणारा.

माझं मत मात्र फॉन नॉयमन यांच्या बाजूला झुकतं, आणि त्याचं कारण वेग नव्हे. समजा, कॉलेजप्रवेशाचे अर्ज आले त्या क्रमाने रचलेत आणि आता मार्कांप्रमाणे लावायचेत. दोन मुलांना ८१ टक्के. एकाची आई पहाटे पाचला येऊन उभी राहिलेली, दुसऱ्याचे वडील दुपारी जेवूनखाऊन आलेले. मर्ज सॉर्ट त्या दोघांचा क्रम बदलत नाही. क्विकसॉर्ट पहाटेच्या बाईंना बेलाशक मागे टाकू शकतो. त्याच्या लेखी ८१ म्हणजे ८१. जागा एकच उरली असेल, तर त्या बाईंना वेगाचं कौतुक सांगायला कोण जाणार?

रमी खेळणारा माणूस पान उचलतो आणि हातातल्या पानांत योग्य जागी खोचतो. तो 'इन्सर्शन सॉर्ट'. पिसलेल्या मोठ्या ढिगापुढे हा बबलचाच चुलतभाऊ. पण पानं आधीच लागलेली असली तर हजारांना ९९९ तुलनांत मोकळा. २००२ साली टिम पीटर्स यांनी पायथन भाषेसाठी 'टिमसॉर्ट' लिहिला, तो हेच हेरून. ढिगात आधीपासून नीट लागलेले तुकडे कुठे आहेत ते तो बघतो आणि ते मोडत नाही. तोकडे तुकडे रमीवाल्यासारखी पानं खोचून वाढवतो. मग सगळे फॉन नॉयमन यांच्या रीतीने जुळवतो. पहाटेच्या बाई इथेही पुढेच राहतात.