आकाशांतून आलेला सूर : परभणी जिल्हा आणि उपग्रह-नभोवाणी

नभोवाणीवरील कार्यक्रमाचें मोल ठरवितांना मनुष्य प्रायः गायक कोण, वक्ता कोण, विषय कोणता, एवढेंच पाहतो. मायक्रोफोनपुढें जो सूर लागला तोच आपल्या कानापर्यंत पोंचला कीं वाटेंत कांहीं झिजला, याचा विचार तो क्वचितच करतो. मोठ्या शहरांतील श्रोत्यास तसें करण्याचें कारणहि नसे, कारण केंद्र त्याच्या दाराशींच असे. परंतु जो प्रदेश प्रत्येक मोठ्या केंद्रापासून दूर पडला, त्यास हा प्रश्न आरंभापासूनच सोडवावा लागला. परभणी जिल्ह्याची नभोवाणीची कथा ही अशा एका प्रदेशाची कथा आहे.

मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. परभणी त्या वेळीं हैदराबाद संस्थानांत होती. मुंबई आणि परभणी हीं दोन्ही गांवें जवळजवळ एकाच अक्षांशावर वसलेलीं आहेत. परंतु मध्यें सरळ रेषेंत सुमारें चारशें किलोमीटरांचें अंतर आणि सह्याद्रीची रांग आहे. पुढें संस्थाननें हैदराबाद व औरंगाबाद येथें आपलीं स्वतःचीं केंद्रें चालविलीं, आणि १ एप्रिल १९५० रोजीं तीं भारत सरकारच्या नभोवाणीकडे आलीं. तथापि गोदाकांठच्या गंगाखेड-पाथरीपासून उत्तरेकडील जिंतूरपर्यंत पसरलेल्या या मुलखांत जो आवाज येई तो लांबचाच असे.

लांबच्या आवाजाचा स्वभाव विलक्षण असतो. मध्यमलहरी दिवसां जमिनीच्या अंगानें जातात आणि अंतराबरोबर क्षीण होतात. सूर्यास्तानंतर वातावरणाचा जो थर त्यांना शोषून घेई तो विरतो, आणि त्याच लहरी अधिक उंचीवरील विद्युद्भारित थरावरून परावर्तित होऊन शेंकडों किलोमीटर दूर उतरतात. त्यामुळें दुपारीं जें केंद्र मुकें असे तें रात्रीं बोलूं लागे. पण हा थर स्थिर नसतो. म्हणून आवाज भरतीसारखा चढे आणि ओहोटीसारखा उतरे. मध्येंच दुसरें एखादें केंद्र त्यावर स्वार होई. आणि वैशाख-ज्येष्ठांत वळवाचे ढग जमूं लागले म्हणजे प्रत्येक विजेबरोबर संच कडाडे. लघुलहरींची गतिहि याहून फार वेगळी नव्हती.

याशिवाय मध्यमलहरींवर सुराला जागाच अपुरी मिळते. दोन शेजारच्या केंद्रांमध्यें आपल्याकडे नऊ किलोहर्ट्‌झचें अंतर ठेवितात. त्यामुळें श्रोत्याच्या वांट्यास सुमारें साडेचार किलोहर्ट्‌झपर्यंतचाच ध्वनि येतो. तरुण मनुष्याचा निरोगी कान वीस किलोहर्ट्‌झपर्यंत ऐकतो. गाण्याचे मूळ स्वर या मर्यादेच्या आंतच असल्यामुळें राग ओळखूं येतो. परंतु तंबोऱ्याच्या जवारीचा झणत्कार, तबल्याच्या चाटेवरचा टणत्कार, आणि बोलण्यांतील ‘स’, ‘श’ यांची धार या गोष्टी वरच्या कंपनांत राहतात, त्या कापल्या जातात. गायकाचा स्वर कळतो. त्याच्या कंठाची जात कळत नाहीं.

१९६० नंतरच्या दशकांत परभणीस आकाशवाणीचें स्वतंत्र केंद्र झालें, आणि १३०५ किलोहर्ट्‌झवर, म्हणजे सुमारें २३० मीटरांच्या लहरीवर, त्याचा आवाज जिल्ह्याच्या घराघरांत पोंचूं लागला. स्थानिक कार्यक्रमांपुरता अंतराचा प्रश्न सुटला. १८ मे १९७२ रोजीं परभणीस मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झालें. शेतीचें ज्ञान आणि तें सांगणारी वाणी हीं दोन्ही एकाच गांवीं आल्यानें शेतकऱ्यास झालेला लाभ उघड आहे. परंतु दिल्ली-मुंबईहून यावयाच्या कार्यक्रमांची स्थिति मात्र निराळीच राहिली. १९५२ पासून चाललेला संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम किंवा दिल्लीचीं बातमीपत्रें प्रादेशिक केंद्रें बहुधा लघुलहरींवरून उचलीत आणि आपल्या प्रक्षेपकावरून पुन्हां सोडीत. कांहीं वेळां डाक-तार खात्याच्या तारांचा उपयोग करीत. त्यामुळें घरांतील संच केंद्राच्या अगदीं जवळ असूनहि त्यांतून दिल्लीची खरखर, चढउतार आणि शीळ जशीच्या तशी ऐकूं येई. सांखळीचें बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढें, हा न्याय येथें कानाला कळत असे.

ही कडी पक्की केली ती उपग्रहानें. ‘आकाशवाणी’ हें नांव भारतीय नभोवाणीनें १९५७ मध्यें धारण केलें. पण तें अक्षरशः खरें ठरण्यास आणखी पाव शतक लागलें. १० एप्रिल १९८२ रोजीं सोडलेला इन्सॅट-१ए हा उपग्रह त्याच वर्षीं सप्टेंबरांत निकामी झाला. त्यानंतर ३० ऑगस्ट १९८३ रोजीं अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’ या अंतराळयानांतून इन्सॅट-१बी गेला, आणि विषुववृत्तावर सुमारें छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर, चौऱ्याहत्तर अंश पूर्व रेखांशावर स्थिर झाला. परभणीहून पाहतां ही जागा जवळजवळ सरळ दक्षिणेस येते. दूरदर्शनची आणि हवामानखात्याची कामें करीत असतांच या उपग्रहानें नभोवाणी-केंद्रांना एकमेकांशीं जोडण्याचें कामहि केलें. केंद्राच्या आवारांत एक मोठी थाळी उभी राहिली, आणि लघुलहरींच्या लहरीपणावर विसंबण्याचें कारण उरलें नाहीं.

येथें एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. मुंबईचा सूर पूर्वी चारशें किलोमीटर येई आणि थकून येई. आतां तो वर छत्तीस हजार आणि खालीं छत्तीस हजार, असे बहात्तर हजार किलोमीटर चालून येऊं लागला, तरी ताजातवाना. याचें कारण दुहेरी आहे. उपग्रहाच्या लहरींची कंपनसंख्या इतकी मोठी असते कीं विद्युद्भारित थर त्यांना अडवीत नाहीं. त्या सरळ आरपार जातात. शिवाय त्यांवर ध्वनि चढविला होता तो लहरीची उंची बदलून नव्हे, तर कंपनसंख्या बदलून. आणि विजेचा कडकडाट प्रामुख्यानें उंचीलाच धक्का देतो. या सर्व प्रवासास सुमारें पाव सेकंद लागतो. रागदारी ऐकणाऱ्यास त्याची जाणीवहि होत नाहीं.

परंतु सुधारणा केंद्रापर्यंत झाली. केंद्रापासून घरापर्यंतची वाट पूर्वीचीच, मध्यमलहरींची होती. उपग्रहानें खरखर आणि चढउतार घालविले. तंबोऱ्याची जवारी परत आणली नाहीं. ती आणावयाची तर उपग्रह आणि श्रोता यांच्यामध्यें कोणीच असतां कामा नये. हा प्रयोगहि झाला. नोआ समारा या इथिओपियांत जन्मलेल्या गृहस्थानें १९९० मध्यें ‘वर्ल्डस्पेस’ ही कंपनी स्थापिली. आफ्रिका-आशियांतील ज्या लोकांपर्यंत चांगली नभोवाणी पोंचली नाहीं, त्यांच्या घरीं ती थेट उपग्रहावरून उतरवावी, असा त्याचा संकल्प होता. मार्च २००० मध्यें कंपनीचा ‘एशियास्टार’ उपग्रह एकशेंपांच अंश पूर्व रेखांशावर गेला. परभणीसारख्या ठिकाणीं त्यासाठीं लहानशी चपटी ॲंटेना आग्नेयेकडे तोंड करून ठेविली कीं पुरे. हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतासाठीं ‘गंधर्व’ नांवाची स्वतंत्र वाहिनी होती, आणि जें गाणें मोठ्या शहरांतील संग्राहकाच्या कपाटांत असे तें आडगांवींहि ऐकतां येऊं लागलें.

या ध्वनीची थोरवी आणि उणीव एकाच ठिकाणीं होती. तो अंकांत रूपांतरित करून पाठविला जाई. त्यामुळें खरखर मुळींच नसे. आवाज आला तर स्वच्छ येई, नाहींतर मुळींच येत नसे. परंतु उपग्रहावरील जागा मोजकी आणि महाग. कॉम्पॅक्ट डिस्कवरील संगीतास दर सेकंदास चौदा लक्षांहून अधिक अंक लागतात. या सेवेंत उत्तम वाहिनीसहि जास्तींत जास्त एक लक्ष अठ्ठावीस हजार, म्हणजे सुमारें अकरावा हिस्सा मिळे. ही काटछांट एमपी-थ्री पद्धतीनें होई : मोठ्या स्वराच्या आड दडणारे बारीक ध्वनि कानास कळत नाहींत, म्हणून ते वगळावयाचे. अंक पुरेसे असले तर ही चलाखी उमगत नाहीं. वाहिन्या वाढवून प्रत्येकीचा वांटा कमी केला, तर तबल्याच्या थापेची कड बोथट होते आणि तंबोऱ्यावर पाणी वाहिल्यासारखा भास होतो. पूर्वी ध्वनीचा दर्जा निसर्ग ठरवीत असे. आतां तो हिशेबनीस ठरवूं लागला.

आणि शेवटीं हिशेबच त्यावर उलटला. ही सेवा वर्गणीवर चाले. तिच्या वर्गणीदारांत भारतीयांचा भरणा सर्वांत मोठा होता. तरी खर्चाचा मेळ बसेना. ऑक्टोबर २००८ मध्यें कंपनीनें दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि ३१ डिसेंबर २००९ रोजीं भारतांतील सेवा बंद पडली. त्या संचांची उपग्रहवाणी त्या रात्रीं कायमची थांबली. तिकडे डिसेंबर २००४ पासून दूरदर्शनच्या विनामूल्य थाळीवर आकाशवाणीच्या वाहिन्याहि येऊं लागल्या होत्या; पण त्यांस दूरचित्रवाणीचा संच हवा, आणि वीज गेली कीं दोन्ही मुके होत. त्याच वेळीं दोन सेलांवर चालणारा साधा ट्रान्झिस्टर शेताच्या बांधावर बोलत राही.

या इतिहासांतून निघणारा धडा नभोवाणीपुरताच नाहीं. सुराची शुद्धता ही खरी संपत्ति आहे; ज्यानें तंबोऱ्याची जवारी एकदां ऐकली त्याला तिच्यावांचूनचें गाणें अपुरें वाटणारच. परंतु शुद्ध सूर थोड्यांच्या घरीं उतरला आणि हिशेब चुकतांच नाहींसा झाला. अशुद्ध सूर सर्वांच्या दारीं गेला आणि टिकला. उपग्रहाचें सर्वांत मोठें काम झालें तें या दोहोंच्या मध्यें, जेथें श्रोत्यास त्याचें नांवहि ठाऊक नव्हतें : केंद्राच्या आवारांतील त्या थाळींत. दिल्लीचें गाणें तेथें स्वच्छ उतरलें आणि परभणीच्या जुन्याच लहरीवर स्वार होऊन गांवोगांव गेलें. पुढें ध्वनीचा जो कोणता नवा मार्ग निघेल, त्याचें मोल ठरवितांना दोन प्रश्न बरोबरच विचारावे लागतील : सूर किती शुद्ध आहे, आणि तो कोणाकोणाच्या घरीं पोंचतो.