वयाचा दोष

मुलगी दार लावून बसली, मुलगा भांडून घराबाहेर पडला, की आपल्याकडे एक वाक्य ठरलेले असते: "वयाचा दोष, सरेल आपोआप." आजी हेच म्हणते, शाळेतले मास्तर हेच म्हणतात, आणि विसाव्या शतकात बराच काळ मानसोपचारतज्ज्ञही हेच म्हणत होते. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर या विकाराचा इतिहास वाचताना मी अडलो तो इथे. या विकाराची लक्षणे बहुधा कुमारवयात दिसू लागतात, आणि नेमक्या त्याच वयात त्याचे नाव घ्यायचे नाही असा दंडकच पडला होता. तो कसा पडला आणि कसा मोडला, ते आज सांगतो.

आधी नावाविषयी. १९३८ साली न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक अ‍ॅडॉल्फ स्टर्न यांनी काही अवघड रुग्णांबद्दल एक निबंध लिहिला. त्या काळी मनोविकारांचे ढोबळ दोन प्रांत मानत. एकात माणूस भीतीने, चिंतेने ग्रासलेला असतो, पण वास्तवाचे भान शाबूत असते. दुसऱ्यात ते भानच सुटते. स्टर्न यांचे रुग्ण दोन्हींत नीट बसेनात, म्हणून ते 'सीमेवरचे' ठरले. सीमेवर राहणे म्हणजे काय, हे बेळगावकडच्या मंडळींना सांगायला नको. मात्र त्यांच्या गावांवर दोन्हीकडून हक्क सांगितला जातो. या रुग्णांबाबत दोन्हीकडून हात झटकले गेले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या अधिकृत यादीत या विकाराला जागा मिळायला १९८० साल उजाडले.

मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. कुमारवय म्हणजे वादळ, ही कल्पना स्टॅन्ली हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९०४ च्या आपल्या ग्रंथातून रूढ केली. पुढे १९५८ मध्ये अ‍ॅना फ्रॉइड यांनीही या वयातली उलथापालथ स्वाभाविकच मानली. आता सगळेच वादळ स्वाभाविक म्हटल्यावर, खरोखर बुडणारे मूल ओळखायचे कसे?

याला पहिला धक्का बसला तो साठच्या दशकात. डॅनिएल ऑफर यांनी सर्वसाधारण शाळकरी मुलांचा अभ्यास केला, तेव्हा बहुतेकांच्या आयुष्यात असे वादळ आढळलेच नाही. दुसऱ्या बाजूने न्यूयॉर्कच्या जेम्स मास्टरसन यांनी, ज्यांच्यात लक्षणे दिसली होती अशी मुले पाच वर्षांनी पुन्हा तपासली. १९६७ साली त्यांनी निष्कर्ष मांडला की वय वाढल्याने त्यांचा त्रास सरला नव्हता. १९७२ मध्ये त्यांनी बॉर्डरलाइन कुमारांच्या उपचारांवर पुस्तकच लिहिले.

याच काळातली एक मुलगी. मार्च १९६१ मध्ये सतरा वर्षांच्या मार्शा लिनेहान हिला अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावच्या मनोरुग्णालयात दाखल केले. ती स्वतःला इजा करी. निदान झाले स्किझोफ्रेनियाचे. औषधे झाली, विजेचे झटके झाले, एकांतकोठडी झाली. सव्वादोन वर्षांनी ती बाहेर पडली, शिकली, मानसशास्त्रज्ञ झाली, आणि बॉर्डरलाइनच्या रुग्णांसाठी तिने एक नवी उपचारपद्धती घडवली. १९९१ साली तिची पहिली चाचणी प्रसिद्ध झाली. भावनेचा लोंढा आला असता तो कसा सोसायचा, हे त्यात एखादे कसब शिकवावे तसे शिकवतात. आपली स्वतःची कथा मात्र लिनेहान यांनी जाहीरपणे सांगितली ती २०११ साली, त्याच रुग्णालयात जाऊन.

तरीही डॉक्टर बिचकत होते, आणि त्यांचे बिचकणे अगदीच अनाठायी नव्हते. घडत्या वयात शिक्का बसला तर तो जन्माचा चिकटेल, ही भीती खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९२ च्या वर्गीकरणातही सोळा-सतरा वर्षांआधी व्यक्तिमत्त्व विकाराचे निदान सहसा योग्य नाही, असेच म्हटले होते. पण नाव न घेण्याचीही किंमत असते, आणि ती मूल मोजते. मेलबर्नमध्ये अँड्र्यू चॅनेन आणि सहकाऱ्यांनी अशा मुलांसाठी खास दवाखाना चालवला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत पंधरा ते अठरा वयाची मुले होती. एका गटाला विशेष मानसोपचार दिले, दुसऱ्याला साधेच, पण नीट आखलेले उपचार. सुधारणा दोन्ही गटांत झाली. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. २०१२ च्या ऑस्ट्रेलियन मार्गदर्शिकेने तर बारा ते अठरा वयातही, नीट तपासणीअंती निदान करावे, असे स्पष्ट सांगितले.

मग आजीचे वाक्य साफ खोटे का? तसेही नाही. बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झनारिनी यांनी प्रौढ रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. दहा वर्षांत शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणांची लक्षणे ओसरली होती. पण नोकरी, नातीगोती यांची घडीही नीट बसली होती ती निम्म्यांचीच. म्हणजे विकार ओसरतो, पण बुडालेली शाळा आणि तुटलेली मैत्री त्याबरोबर परत येत नाही.

म्हणून आईबापांना एवढेच सांगेन. रुसवे-फुगवे सगळीच मुले करतात. पण जिवलग मैत्रीण आज देवता आणि उद्या वैरीण, कोणी सोडून जाईल या भीतीने जिवाचा आकांत, आतून सतत रितेपण, आवरता न येणारा राग, आणि मुख्य म्हणजे स्वतःला इजा, हे घरी, शाळेत, मित्रांत सगळीकडे दिसत राहिले, तर 'नाटक करते' म्हणून सोडू नका. निदानासाठी अशी लक्षणे वर्षभर टिकलेली असावी लागतात, पण मदतीसाठी वर्षभर थांबायचे नसते. आणि इजेची किंवा मरणाची भाषा निघाली तर एक दिवसही नाही. कोणी घाड्याकडे जाईल, कोणी देवाला गाऱ्हाणे घालील. त्याला माझी हरकत नाही, पण डॉक्टरची पायरीही चढा. २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही फुकट सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. नाव काय द्यायचे ते तज्ज्ञ ठरवतील. मूल हाक मारते आहे, ती ऐकायला घरातलेच माणूस लागते.