कूलंटची कुळकथा

मोटारीच्या रेडिएटरच्या तळाशी आतला द्रव सोडून देण्यासाठी जी लहानशी तोटी असते, ती आज काही वर्षांतून एकदा उघडली जाते. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेच्या थंड मुलखांत हिवाळ्यात ती रोज रात्री उघडावी लागे. इंजिनाच्या ओतीव लोखंडी ठोकळ्यात, म्हणजे ‘ब्लॉक’मध्ये, सिलिंडरांभोवती पाणी खेळावे म्हणून पोकळ्या ठेवलेल्या असतात. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि बंदिस्त जागेत तो जोर जाड लोखंडालाही तडा देतो. म्हणून रात्री पाणी सोडायचे आणि सकाळी कोमट पाणी भरून मगच गाडी चालू करायची, असा परिपाठ होता.

या जाचातून सुटण्यासाठी पाण्यात नाना पदार्थ मिसळून पाहिले गेले. कॅल्शियम क्लोराइड हा क्षार गोठणबिंदू खाली नेई, पण धातूही खाई. मिथेनॉल स्वस्त होते, पण ६५ अंश सेल्सियसलाच उकळत असल्याने तापल्या इंजिनातून उडून जाई. ग्लिसरीन टिकाऊ, पण दाट. अधिक सोयीचा पदार्थ मात्र कधीच हाती आलेला होता. फ्रेंच रसायनज्ञ शार्ल-आदोल्फ व्युर्त्झ यांनी १८५६ मध्ये एथिलीन ग्लायकॉल तयार केले आणि गुणधर्मांनी ते ग्लिसरीन व अल्कोहोल यांच्या मधले असल्याने दोन्ही नावांची सांगड घालून त्याचे नाव ठेवले. पहिल्या महायुद्धात जर्मनीत ते ग्लिसरीनऐवजी स्फोटकांसाठी वापरले गेले, आणि १९२७ मध्ये अमेरिकेत ‘प्रेस्टोन’ या नावाने मोटारींसाठी विक्रीस आले.

या द्रवाची करामत मिश्रणात आहे. शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपास गोठते. त्यात निम्मे पाणी घातले की तेच मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत तग धरते. बर्फ होण्यासाठी पाण्याच्या रेणूंना ठरावीक जाळीत रांगेने बसावे लागते. ग्लायकॉलचे रेणू पाण्याच्या रेणूंना बिलगून ही रांग मोडतात, आणि ग्लायकॉलची स्वतःची स्फटिकरचना पाणी तशीच बिघडवते. दोन्ही पदार्थ परस्परांना गोठू देत नाहीत, हे या कथेतील सर्वांत सुंदर सत्य होय. शिवाय ग्लायकॉल १९७ अंशांना उकळत असल्याने मिश्रणाचा उत्कलनबिंदूही पाण्यापेक्षा वर जातो. महाराष्ट्रात बर्फाचे भय नसतानाही हा द्रव आवश्यक ठरला तो या गुणामुळे आणि त्यातील गंजरोधकांमुळे; येथील गॅरेजमध्ये त्याला ‘कूलंट’ म्हणतात, ते अगदी यथार्थ आहे.

तोटी आजही उघडावी लागते, पण कारण बदलले आहे: ग्लायकॉल टिकून असले तरी गंजरोधक खर्ची पडतात. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचे झाकण काढावे, कारण गरम असताना दाबाखालील द्रव उसळून भाजतो. केवळ रेडिएटर रिकामा केल्यास ब्लॉकमध्ये जुना द्रव उरतो, म्हणून ब्लॉकचे बूच असल्यास तेही काढावे लागते. आणि नव्या द्रवात नळाचे नव्हे, तर क्षार नसलेले डिस्टिल्ड पाणी घालावे. खाली परातीत जमलेला द्रव उघडा ठेवणे घातक आहे, कारण त्याची चव गोडसर असते, कुत्री-मांजरे तो चाटतात, आणि शरीरात त्यापासून बनणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक मूत्रपिंडे निकामी करतात.