पहिल्या पावसानंतर घरात येणारी पंखवाली वाळवी: ओळख व उपाय

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला, की त्याच किंवा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडवीतल्या दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांचा थवा जमतो. तासाभरात दिव्याखाली गळालेल्या पंखांचा थर साचतो. ही वाळवीच (काही भागांत उधई). ऐन पेरणीच्या घाईत 'कोणते औषध फवारू?' असे विचारणारे फोन याच सुमारास येतात. माझे उत्तर ठरलेले आहे: थव्यावर काहीही फवारू नका, आधी तो कुठून निघाला ते पाहा.

पंखवाले किडे म्हणजे वाळवीचे प्रजननक्षम नर व मादी. वसाहत काही वर्षांची होऊन चांगली वाढली, की त्यात असे किडे तयार होतात आणि जमीन भिजून हवा दमट झाली की एकाच वेळी बाहेर पडतात. ते लाकूड खात नाहीत. खाली उतरताच पंख टाकतात, जोडी जमवतात आणि ओल्या मातीत शिरायला जागा शोधतात. त्यातले बहुतेक पाली, बेडूक, पक्षी आणि कोंबड्यांच्या पोटात जातात. लाकूड पोखरण्याचे काम बिनपंखी, पांढुरक्या कामकरी वाळवीचे, आणि ती उजेडात येत नाही.

याच दिवसांत मुंग्यांनाही पंख फुटतात, म्हणून एखादा किडा तळहातावर घेऊन पाहावा. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे व शरीरापेक्षा बरेच लांब असतात, कंबर जाड आणि मिशा सरळ, मण्यांच्या माळेसारख्या असतात. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरात वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात.

थवा बाहेरचा की घरातला?

सगळा निर्णय या प्रश्नावर आहे. दिव्याकडे उडत येणारा थवा बहुधा बांधावरच्या वारुळातला किंवा परसातल्या जमिनीतला असतो. अशा वेळी पडवीतला दिवा तासभर बंद करावा, दारे-खिडक्या लावाव्यात आणि अंगणात दूरवर एका दिव्याखाली पाण्याची परात ठेवावी. सकाळी पंख झाडून टाकले की झाले. औषध मारलेले किडे कोंबड्यांनी खाल्ले तर नुकसान आपलेच.

किडे भिंतीच्या भेगेतून, फरशीच्या सांध्यातून किंवा चौकटीच्या बुडातून रांगेने बाहेर पडत असतील, किंवा बंद खोलीत खिडकीच्या आतल्या बाजूला पंख पडलेले असतील, तर मात्र वसाहत घराखाली किंवा भिंतीत आहे. ती जागा खडूने खूण करून ठेवा. थवा अर्ध्या तासात संपतो आणि नंतर भोक सापडत नाही. आमच्या जुन्या घरी मीच एक वर्ष 'बाहेरून आले असतील' म्हणून सोडून दिले होते. पुढच्या उन्हाळ्यात कोठीच्या दाराची चौकट पेचकस टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. रंग वरून शाबूत होता.

खूण केलेल्या जागेपासून मातीच्या नळ्या शोधाव्यात: जोत्यावर, गोठ्याच्या खांबांवर, वाशांवर, विजेच्या वायरीच्या पट्टीमागे. नळी मध्ये बोटभर मोडून ठेवावी. दोन-तीन दिवसांत ती पुन्हा लिंपली गेली तर वाळवी चालू आहे. लाकूड ठोकून पाहावे, पोकळ आवाज येतो.

घरात वसाहत असेल तर

नळ्या खरवडून त्यावर रॉकेल ओतल्याने वाळवी दुसरीकडून वाट काढते. उपचार मातीलाच करावा लागतो. क्लोरपायरीफॉस २० टक्के प्रवाही वापरायचे असल्यास १ टक्का द्रावणासाठी ५० मि.लि. औषध घेऊन पाणी घालून १ लिटर करावे. बाहेरून पायालगत सुमारे ३० सें.मी. खोल चर काढून प्रति मीटर लांबीस २.२५ लिटर द्रावण ओतावे. आत जमीन व भिंतीच्या सांध्यावर ३० सें.मी. अंतराने १२ मि.मी.ची छिद्रे पाडून प्रत्येकी सुमारे १ लिटर द्रावण सोडावे व छिद्रे सिमेंटने बुजवावीत. इमारतीतील वाळवीसाठी शिफारस असल्याचे डब्याच्या लेबलवर पाहूनच औषध घ्यावे. दुकानातून सुट्या बाटलीत मिळणारे 'जुने जालीम' औषध घेऊ नये. आल्ड्रिन, क्लोरडेन यांवर बंदी आहे.

उपचारापूर्वी कोठीतले धान्य व बियाणे हलवा. विहीर किंवा कूपनलिका भिंतीला लागून असेल तर त्या बाजूला द्रावण ओतू नका. तिथे खराब लाकूड बदलून सिमेंटच्या जोत्यावर लोखंडी चौकट बसवणे परवडते. हातमोजे हवेतच.

भिंतीला टेकून रचलेला कडबा, गोवऱ्या, सरपण आणि अर्धवट कुजलेले शेणखत ही वाळवीची आवडती ठिकाणे. ती भिंतीपासून दूर, शक्यतो दगडांवर उंच रचावीत. छपराचे पाणी जोत्यापाशी मुरत असेल तर पन्हळ लावावी. माझ्या मते निम्मे काम इथेच होते.

बांधावरचे, घर व पिकापासून लांबचे वारूळ मात्र राहू द्या. श्रावणाच्या आसपास कोकणात आणि गोव्यात ज्या अळंबीची लोक वाट पाहतात, ती याच वाळवीने वारुळात जोपासलेल्या बुरशीची फळे असतात.