भिंत मालकाची, बुरशी कोणाची?

घरमालक आणि भाडेकरू यांच्यात भाड्यावरून भांडण होते असा सर्वसाधारण समज आहे. तो कोरड्या मुलखातल्या लोकांचा. धरमतरच्या खाडीकाठी भांडण होते ते ओलीवरून. जूनमध्ये भिंतीवर ठिपके, जुलैत नकाशा, आणि गणपती येईपर्यंत कपाटामागे हिरवट-काळे साम्राज्य! चामड्याच्या चपलेपासून माझ्या बी. कॉम.च्या सर्टिफिकेटापर्यंत सगळे मांडलिक. आईला त्या वासाने रात्ररात्र खोकला येतो, म्हणून हा विषय आमच्याकडे सगळाच काही हसण्यावारी नेत नाहीत.

मालक म्हणतात, "तुम्ही घरात कपडे वाळत घालता, खिडक्या मिटून बसता. बुरशी तुमची." आम्ही म्हणतो, "कौलं शाकारली नाहीत, पश्चिमेला झापं बांधली नाहीत. ओल तुमची." गंमत अशी की दोघांचेही खरे असते. बुरशीला बाहेरून पाझरलेले पाणी चालते, तशी वलणीवरच्या धोतराची आणि भाताच्या पेजेची वाफही चालते. जमा कोणाच्या खात्यावरून झाली हे ती बघत नाही. तरी ढोबळ हिशेब सांगतो : डाग वरून उतरला तर छप्पर बघा, खालून चढला आणि भिंतीला लोणा फुटला तर जमिनीतली ओल, नुसता कपाटामागच्या कोपऱ्यात असेल तर घरातलीच वाफ. आमच्या घरी तिन्ही आहेत!

मुंबईची लाँच धरमतरला लागत असे त्या काळी इकडची माणसे चाकरीला जाऊन मुंबईच्या चाळीत भाड्याने राहत. तेव्हा या भांडणाचा इतिहास पाहायचा तर खाडी ओलांडून तिकडेच गेले पाहिजे.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात एक सुरेख कलम आहे. जी दुरुस्ती करायला मालक बांधलेला आहे ती त्याने सूचना देऊनही केली नाही, तर भाडेकरूने ती करावी आणि खर्च व्याजासकट भाड्यातून कापावा. व्याजासकट! बँकेतल्या माणसाला हे वाचून गहिवरून येते. पण मेख 'बांधलेला' या शब्दात. मालक म्हणणार, मी कुठे बांधलेला आहे?

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने ती मेख काढली. घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य ठरले. पण त्याच कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या आकड्याशी बांधून ठेवले. समजा, खोलीचे भाडे बारा रुपये. वर्षाचे झाले १४४. पंचवीस वर्षांनी ते सगळेच्या सगळे भिंतीला फासले तरी गिलावा किती होणार? मालक म्हणे, एवढ्या भाड्यात दुरुस्ती कशी करू? भाडेकरू म्हणे, कायद्याने तुमचीच. दोघे तावातावाने भांडत राहिले आणि घराचा ताबा तेवढा ओलीने घेतला. तुळया कुजल्या, चाळी कोसळू लागल्या. शेवटी १९६९ मध्ये सरकारला मुंबईपुरता कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमावे लागले आणि खर्चासाठी उपकर बसवावा लागला. माझ्या मते हे वीस वर्षे आधी व्हायला हवे होते. पण बुरशीला घाई नसते आणि सरकारलाही.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्यावर ताशेरे ओढले. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. त्याने भाड्यात दरसाल चार टक्के वाढ दिली आणि दुरुस्तीपोटी वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत रक्कम कापायची मुभा ठेवली. हा कायदा अमलात आला ३१ मार्च २००० रोजी. तारीख ठरवणाऱ्यांत एखादा बँकवाला असला पाहिजे.

आता तर आम्ही भाडेकरूही नाही. अकरा महिन्यांच्या करारावरचे परवानाधारक. चौथा हिस्साबिस्सा आम्हाला नाही. करारात छापील वाक्य आहे : घर ज्या स्थितीत घेतले त्याच स्थितीत परत करावे. घेतले तेव्हा दक्षिणेच्या भिंतीवर परातीएवढा डाग होता. आता तो पश्चिमेकडेही सरकला आहे. परत करताना नेमका कुठला पुसायचा, हे मालकांना लेखी विचारले आहे.