आधी कर्जफेड की पीपीएफ? सातारा-सांगलीच्या कुटुंबांसाठी सोपा हिशेब

ऊसबिल किंवा हळदीची पट्टी हातात आली, की घरात एकच चर्चा सुरू होते: सोनेतारण सोडवायचं की करमुक्त पीपीएफमध्ये पैसे भरायचे? आम्ही इथे दोन्ही बाजू मांडतो.

पीपीएफ काय देतं?
१९६८ च्या कायद्याने आलेल्या या खात्यात वर्षाला ५०० रुपये ते दीड लाखापर्यंत भरता येतात. मुदत १५ वर्षांची. एप्रिल २०२० पासून दर ७.१ टक्के आहे, २०२५ मध्येही तोच होता. मिळणाऱ्या व्याजावर कर नाही. भरलेल्या रकमेची ८०सी ची वजावट मात्र फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. ज्यांना मुळात करच बसत नाही, त्यांना 'करमुक्त' या शब्दाचा फायदा नाही.

कर्ज किती खातं?
लाखभर रुपयांचं सोनेतारण १२ टक्क्यांनी असेल तर वर्षाला १२,००० जातात. तोच लाख पीपीएफमध्ये ७,१०० देतो. म्हणजे ४,९०० चा तोटा. सावकाराचे शेकडा तीन रुपये महिना म्हणजे वर्षाला ३६ टक्के! हे कर्ज सगळ्यात आधी फेडा. सावकार विनापरवाना असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

पीककर्जाची गोष्ट वेगळी. तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत फेडलं तर पंजाबराव देशमुख योजनेतून व्याज सवलत मिळते. तारीख चुकली की सवलत गेली, म्हणून ती रक्कम बाजूला काढूनच ठेवा.

दीनचा प्रश्न
करमुक्त म्हणजे हलाल नव्हे. पीपीएफची वाढ कागदावर व्याजच आहे, त्यामुळे खातं उघडण्याआधी आपल्या मुफ्ती साहेबांना जरूर विचारा. कर्जफेडीत असा पेच नाही, उलट व्याज भरणं थांबतं.

पाहुण्यांकडून घेतलेलं हातउसनं बिनव्याजी असतं, म्हणून ते मागे पडतं. पण वारसांची वाटणी कर्ज फेडल्यावरच होते. ते वहीत लिहून ठेवा; सूरह बकराहच्या २८२ व्या आयतीतही कर्ज लिहून ठेवण्याचा हुकूम आहे.

क्रम असा ठेवा
दवाखान्यासाठी तीन महिन्यांचा घरखर्च हाताशी, मग सावकार, सोनेतारण, हातउसनं. बचत त्यानंतर.